तव्यावरची चवळी आणि मूठभर कोथिंबीर : आपल्या ताटातल्या लोहाचा धडा



या वेळच्या आरोग्य पानात आपण एक साधे कोरड्यास शिकणार आहोत. भिजवून शिजवलेली चवळी तव्यावर परतायची आणि वरून कोथिंबीर, लसणाची पात, लिंबू घालायचे. एवढेच. चवळीची उसळ आपल्या घरात नवी नाही, घुगऱ्या तर लहानपणापासून खाल्लेल्या आहेत. मग त्यात शिकण्यासारखे काय? शिकायचे आहे ते यातले "का". कोथिंबीर शेवटी का घालायची, सोडा का टाळायचा, जेवणावर चहा का नको, लोखंडी तवाच का घ्यायचा. ही चार-पाच कारणे समजली, तर त्याच पैशात आणि त्याच धान्यात घरच्या माणसांच्या अंगी जास्त लागते.

हा विषय का घेतला?

2019-21 च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात 15 ते 49 वयाच्या दर 100 स्त्रियांपैकी 54 जणींना रक्तक्षय आहे. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांमध्ये हे प्रमाण 100 पैकी जवळपास 69 आहे. म्हणजे आपल्या गल्लीत दोन बाया बोलत उभ्या असतील, तर त्यातल्या एकीचे रक्त कमी असण्याची शक्यता मोठी आहे.

रक्त कमी आहे हे आपण ओळखत नाही, कारण आपण त्याला दुसरे नाव देतो. सोयाबीन सोंगताना धाप लागली तर "ऊन होते" म्हणतो. कापूस वेचून आल्यावर डोके गरगरले तर "कामाचा शीण" म्हणतो. पोरगी अभ्यासाला बसली की पेंगते, तिला "आळशी" म्हणतो. पाय दुखणे, केस गळणे, ओठ आणि डोळ्यांच्या आतली बाजू पांढरट दिसणे, माती-खडू खावेसे वाटणे, ही सगळी रक्त कमी असल्याची लक्षणे असू शकतात. गरोदर बाईचे रक्त फार कमी असेल तर बाळंतपणात तिचा जीव धोक्यात येतो. म्हणून हा विषय चुलीचा आहे तसाच जिवाचाही आहे.

स्त्रीचे हिमोग्लोबिन 12 च्या खाली आणि गरोदर स्त्रीचे 11 च्या खाली असेल, तर त्याला रक्तक्षय म्हणतात. ही तपासणी बोटाच्या एका थेंबावर होते. आधी ती करून घ्या. अन्न आणि औषध यांची एकमेकांना साथ असते. जेवण सुधारले म्हणून आशाताईंनी दिलेल्या गोळ्या बंद करायच्या नाहीत.

शिवारात काय पिकते, ताटात काय येते?

हिंगोली, कळमनुरी, वसमत, सेनगाव, औंढा नागनाथ, आपल्या पाचही तालुक्यांत सोयाबीन, तूर, हरभरा आणि हळद पिकते. हे पीक पेरणारे, निंदणारे, सोंगणारे हात बरेचसे आपल्याच वस्त्यांतले आहेत. पण संध्याकाळी घरी आल्यावर ताटात भाकर, तिखट आणि पातळ वरण असते. वरणात डाळ किती आणि पाणी किती, हे आपण सगळे जाणतो.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये दिलेल्या आहार-सूचनांमध्ये साधारण प्रौढ माणसाच्या दिवसाच्या ताटात डाळी, कडधान्ये, अंडी किंवा मांस मिळून 85 ग्रॅम सांगितले आहे. आज आपण तिथे नसू. सुरुवात म्हणून माणशी एक मूठ कडधान्य धरू. कोरड्या चवळीची एक मूठ म्हणजे साधारण 30 ते 40 ग्रॅम. तेवढ्या चवळीतून सात-आठ ग्रॅम प्रथिने मिळतात, म्हणजे एका अंड्याहून थोडी जास्त. शिवाय लोह मिळते, रक्त तयार व्हायला लागणारे फोलेट मिळते आणि पोट साफ ठेवणारा चोथा मिळतो.

चवळीबरोबर ज्वारीची भाकर हवीच. ज्वारीच्या प्रथिनांत जो घटक कमी असतो तो चवळीत भरपूर असतो, आणि चवळीत जो कमी असतो तो ज्वारीतून मिळतो. दोन्ही एका ताटात आले की शरीराला पुरे सामान मिळते. आपल्या आज्या भाकरीवर घुगऱ्या वाढत होत्या. त्यांना हे शास्त्र कुणी शिकवले नव्हते, पण जोडी बरोबर होती.

"गरिबाचे अन्न" म्हणून लाज नको

काही घरांत कडधान्य हे गरिबीची खूण समजले जाते. पाहुणा आला की उसळ झाकून ठेवतात आणि दुकानातला पुडा फोडतात. याबाबत एक गोष्ट आठवावी. 1936 साली प्रसिद्ध झालेल्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' मध्ये बाबासाहेबांनी जयपूर संस्थानातल्या चकवारा गावची घटना सांगितली आहे. तीर्थयात्रेहून आलेल्या एका अस्पृश्य माणसाने आपल्या लोकांना जेवण दिले आणि पंगतीत तूप वाढले. एवढ्यावरून सवर्णांनी लाठ्या घेऊन हल्ला केला आणि अन्नाची नासाडी केली. आपण काय खावे हे दुसऱ्याने ठरवण्याचा तो काळ होता. 2015 मध्ये शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकाने मराठवाड्यातल्या महार-मांग घरांमधल्या जेवणाची नोंद केली, तेव्हा आपल्या चुलीवरचेही लिहिण्यासारखे असते हे अनेकांच्या ध्यानात आले. आता काय खायचे हे आपण ठरवतो. तर ते समजून-उमजून ठरवू.

साहित्य (पाच माणसांसाठी)

चवळी 200 ग्रॅम, म्हणजे पाच मुठी. तेल चार लहान चमचे. लसणाच्या आठ-दहा पाकळ्या, एक मोठा कांदा, दोन हिरव्या मिरच्या. जिरे-मोहरी अर्धा-अर्धा चमचा, हळद पाव चमचा, मीठ चवीपुरते. कोथिंबिरीची एक जुडी. आपल्याकडे काही जण तिला सांबार म्हणतात. लसणाची किंवा कांद्याची पात मूठभर. पुदिना असेल तर दहा-बारा पाने. एक लिंबू.

हळद घरच्या हळकुंडाची दळलेली असेल तर उत्तम. वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ज्या जिल्ह्यात अशी हळद पिकते, तिथे भडक पिवळी सुटी पूड घेण्याचे कारण नाही. अशा पुडीत रंगाची भेसळ असू शकते आणि काही रंगांत शिसे असते. ते मुलांच्या मेंदूला घातक आहे.

कृती

1. चवळी निवडून, दोन-तीन पाण्यांनी धुऊन रात्री भिजत घाला. पाणी चवळीच्या चौपट असू द्या. आठ तास पुरतात.

2. सकाळी भिजवलेले पाणी ओतून द्या, चवळी पुन्हा एकदा धुवा आणि ताज्या पाण्यात शिजवा. कुकरमध्ये दोन-तीन शिट्ट्या बस्स. गॅस बंद करून वाफ आपोआप जिरू द्या. पातेल्यात झाकण ठेवून साधारण अर्धा-पाऊण तास लागतो. दाणा बोटांत दाबला की दबला पाहिजे, पण फुटून पीठ होता कामा नये.

3. चवळी चाळणीत निथळा. निथळलेले पाणी टाकू नका, त्याचे येसर घालून कालवण करा किंवा त्यात कणीक मळा.

4. लोखंडी तवा किंवा कढई चांगली तापवा. तेल, मोहरी, जिरे, ठेचलेला लसूण, मिरची आणि कांदा घाला. कांदा मऊ झाला की हळद टाका.

5. चवळी तव्यावर पसरून घाला आणि दोन मिनिटे अजिबात हलवू नका. खालची बाजू खरपूस झाली की उलथन्याने परता. असे दोन-तीन वेळा करा. मीठ घाला. सगळे मिळून सहा-सात मिनिटांचे काम आहे. चवळी ओली राहिली किंवा सारखी हलवली तर लगदा होतो. निथळलेली आणि पसरलेली असेल तर दाणा सुटा राहतो.

6. गॅस बंद करा. आता चिरलेली कोथिंबीर, पात, पुदिना घालून एकदा खालीवर करा. लगेच स्टीलच्या भांड्यात काढा आणि वाढताना वरून लिंबू पिळा.

असे का करायचे?

*भिजवलेले पाणी का टाकायचे?* कडधान्यात काही साखरी असतात, त्या आपल्या आतड्यात पचत नाहीत आणि गॅस करतात. त्यातला काही भाग भिजवलेल्या पाण्यात उतरतो. लोह शोषायला अडथळा आणणारे घटकही भिजवल्याने कमी होतात. हे पाणी झाडाला घाला.

*सोडा का नको?* बोअरच्या जड पाण्यात कडधान्य लवकर शिजत नाही, म्हणून अनेक घरांत खायचा सोडा टाकतात. सोड्याने दाणा मऊ होतो, पण 'ब' जीवनसत्त्वाचा नाश होतो. त्यापेक्षा भिजवताना एक लिटर पाण्याला एक चमचा मीठ घाला आणि सकाळी धुऊन टाका. साल मऊ पडते. शिजवायला फिल्टरचे पाणी किंवा उकळून गार केलेले, वरचे निवळ पाणी घेतले तरी फरक पडतो.

*टोमॅटो, चिंच आधी का नको?* आंबट पदार्थ आधी पडला की दाणा कडक राहतो. दाणा शिजल्यानंतरच आंबट घाला.

*कोथिंबीर आणि लिंबू शेवटी का?* कडधान्यातले लोह शरीर सहज घेत नाही. त्याच घासात 'क' जीवनसत्त्व असेल तर ते जास्त शोषले जाते. लिंबू, कोथिंबीर, हिरवी मिरची, आवळा, पेरू यांत 'क' जीवनसत्त्व असते. पण ते उष्णतेने नासते. कोथिंबीर दहा मिनिटे शिजवली तर वास उरतो, गुण बराचसा जातो. लिंबू महाग असेल तर जेवणानंतर अर्धा पेरू किंवा आवळ्याची फोड चालेल.

*लोखंडी तवा का?* लोखंडाच्या भांड्यातून थोडे लोह अन्नात उतरते. आपल्या घरचा जुना तवा मोडीत देऊ नका. गंज चढला असेल तर घासून, पुसून, तेलाचा हात लावून ठेवा. केलेले कोरड्यास मात्र त्यात तासन्‌तास ठेवू नका, ते काळे पडते.

*चहा का नको?* चहातला तुरट घटक लोहाला धरून ठेवतो आणि शरीरात जाऊ देत नाही. आपण जेवणावर चहा घेतो आणि लोहाची गोळीही कधी चहाबरोबर घेतो, मग ती गोळी वाया जाते. जेवण आणि चहा यांत किमान एक तासाचे अंतर ठेवा. लोहाची आणि कॅल्शियमची गोळीही एका वेळी घेऊ नका.

घरात मटण, कलेजी किंवा मासळी करणार असाल, तर त्याच जेवणात चवळीही वाढा. मांस-मासळीबरोबर कडधान्यातले लोहही जास्त शोषले जाते.

ओल्या शेंगा आणि मोड

वर्षावासाच्या महिन्यांत चवळीच्या ओल्या शेंगा, गवार, घेवडा असे माळवे बाजारात येते. शेंगांच्या शिरा काढा, बोटभर तुकडे मोडा, तव्यावर तेल-लसणात घालून झाकण ठेवा आणि दहा-बारा मिनिटे परता. पाणी घालायचेच असेल तर फक्त शिंतोडा द्या. शेवटी पात-कोथिंबीर तशीच. एक लक्षात ठेवा, ओली शेंग ही भाजी आहे. तिच्यात चोथा आणि फोलेट चांगले असते, पण प्रथिने वाळलेल्या दाण्याइतकी नसतात. शेंगा केल्या त्या दिवशी वरण घट्ट करा.

मटकी, मूग, चवळी यांना मोड आणले तर 'क' जीवनसत्त्व वाढते आणि पचायला हलके होते. उन्हाळ्यात बारा तासांत मोड येतात, थंडीत दिवसभर लागतो. गरोदर बाया, लहान मुले आणि म्हातारी माणसे यांनी मोड कच्चे खाऊ नयेत. त्या ओलाव्यात जंतूही वाढतात. तव्यावर परतून खावेत.

सोयाबीन खावे का? बियाणे मात्र कधीच नाही

सोयाबीनमध्ये प्रथिने चवळीहून बरीच जास्त, 100 ग्रॅमला 36 ते 40 ग्रॅम असतात. पण कच्चे किंवा अर्धवट शिजलेले सोयाबीन पचनाला अडथळा करते. रात्रभर भिजवा, चोळून साल काढा, पाणी बदला आणि कुकरमध्ये पूर्ण मऊ शिजवा. मग चवळीसारखेच परता. राजमाही असाच, भिजवून पाणी टाकायचे आणि खळखळ उकळून पुरता शिजवायचा. कच्चट राजम्याने उलट्या-जुलाब होतात.

आता सर्वांत महत्त्वाचे. पेरणीतून उरलेले बियाणे घरी आणून खाऊ नका. सोयाबीन, तूर, हरभरा कोणतेही असो, बियाण्याला बुरशीचे किंवा किडीचे औषध लावलेले असते. लाल, गुलाबी, निळा रंग दिसला तर ते विष समजा. धुतल्याने, भाजल्याने, शिजवल्याने ते जात नाही. कोंबड्या-शेळ्यांनाही घालू नका आणि त्या पिशवीत धान्य भरू नका.

कुणी जपावे?

मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी कडधान्य किती खावे ते डॉक्टरांना विचारावे. साखरेचा आजार असेल तर चवळी चांगली, तिने साखर हळू वाढते. पण ती वाढवताना एक भाकर कमी करावी. रक्तदाब असलेल्यांनी मीठ निम्मे करून लिंबू वाढवावे. सहा महिन्यांवरच्या बाळाला चवळी पूर्ण कुस्करून द्यावी. लहान मुलाला अख्खा दाणा दिला तर घशात अडकू शकतो. ज्यांना सवय नाही त्यांनी अर्ध्या मुठीपासून सुरुवात करावी, पोट आठवडा-दोन आठवड्यांत सरावते.

आणखी एक बाब. विदर्भातल्या बौद्ध आणि आदिवासी समाजात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो. वाशीम-यवतमाळकडे आपली सोयरीक आहे. घरात कुणाचे रक्त वारंवार कमी होत असेल, सांधे-हाडे असह्य दुखत असतील, डोळे पिवळे होत असतील, तर केवळ चवळी आणि गोळ्यांवर राहू नका. सरकारी दवाखान्यात सिकलसेलची तपासणी करून घ्या. लग्न ठरवताना पत्रिका पाहण्यापेक्षा दोघांच्या रक्ताचा हा कागद पाहणे जास्त शहाणपणाचे आहे.

मात्रा जाणणे

कोसल देशाचा राजा पसेनदी भरपूर भात खाऊन धापा टाकत भगवान बुद्धांकडे आला, तेव्हा त्यांनी त्याला जेवणात मात्रा जाणण्याचा उपदेश केला. राजाने हळूहळू जेवण कमी केले आणि त्याचे शरीर हलके झाले. ही कथा आपण विहारात ऐकतो ती जास्त खाणाऱ्यासाठी. पण मात्रेला दुसरी बाजूही आहे. जी बाई सगळ्यांना वाढून शेवटी खरवड आणि चटणी खाते, तिचीही मात्रा चुकलेली असते, आणि ती तिच्या एकटीची चूक नसते. मध्यम मार्ग तिच्या ताटालाही लागू आहे. म्हणून आमचे सांगणे आहे की, तव्यावरून कोरड्यास काढताना आधी पाच वाटे करा, मग वाढा. आपला वाटा पहिल्यांदा बाजूला काढणे हा हावरटपणा नाही. आणि घरातल्या पुरुषांनी, मुलांनी ते वाटे स्वतः करावेत, हे त्याहून चांगले.

डब्यात कोथिंबीर

कोथिंबीर महागली की आपण ती सोडतो. जागा नसली तरी तेलाचा रिकामा डबा, सिमेंटची पिशवी, फुटके घमेले असतेच. तळाला छिद्रे पाडा, माती आणि शेणखत भरा. धणे लाटण्याने हलके रगडून दोन भाग करा, रात्रभर भिजवा आणि पेरा. महिना-सव्वा महिन्यात कोथिंबीर तयार होते. लसणाच्या पाकळ्या टोक वर करून लावल्या की दोन-तीन आठवड्यांत पात कापता येते. पुदिन्याची काडी खोचली तरी जगते. तांदूळ-कडधान्य धुतलेले पाणी झाडांना चालते, साबणाचे नको. विकतची कोथिंबीर नाल्याच्या पाण्यावरची असू शकते, म्हणून चिरण्याआधी भरपूर पाण्यात तीन वेळा धुवा.

या महिन्याचा अभ्यास

एक, आठवड्यातून तीन दिवस माणशी एक मूठ कडधान्य. दोन, जेवणानंतर तासभर चहा नाही. तीन, दारात एक तरी डबा कोथिंबिरीचा. चार, घरातल्या प्रत्येक स्त्रीचे आणि किशोरवयीन मुलीचे हिमोग्लोबिन तपासून आकडा वहीत लिहायचा आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचा. पाच, विहारात ग्रंथवाचनाला किंवा पौर्णिमेला जमतो तेव्हा बिस्किटांऐवजी परातभर परतलेली चवळी करून पाहायची. सगळ्यांनी मिळून एक-एक मूठ आणली की खर्च कुणा एकावर पडत नाही.

वहीतला आकडा तीन महिन्यांनी वाढलेला दिसला, तर तो आपल्या हाताने वाढवलेला असेल. नाही वाढला, तर तोच कागद घेऊन दवाखान्यात जा आणि कारण विचारा. विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे.

जयभीम. नमो बुद्धाय.